तडीपारीला अपिलात स्थगिती मिळाली, पुढे काय? सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी पायरीपायरीने

“वकीलसाहेब, स्थगिती मिळाली म्हणजे पोरगं सुटलं ना?”

मिरजेच्या एका मावशींनी पुण्याहून परत येताना गाडीत मला हे तीनदा विचारलं. त्यांच्या मुलाला सांगली जिल्ह्यातून दोन वर्षांसाठी तडीपार केलं होतं आणि त्या दिवशी अपिलात आदेशाला पुढच्या तारखेपर्यंत स्थगिती मिळाली होती. मी तिन्ही वेळा एकच सांगितलं, सुटलं नाही, थांबलंय. चौथ्या दिवशी मुलगा घरी जेवायला बसलेला असताना पोलीस दारात आले आणि त्याला घेऊन गेले. ठाण्यात स्थगितीचा कागदच पोहोचला नव्हता. कागद माझ्या फाइलीत होता. संध्याकाळपर्यंत प्रकरण निस्तरलं, पण अर्धं राहिलेलं ते ताट मावशींनी झाकून ठेवलं होतं, ते मला अजून दिसतं. तेव्हापासून स्थगिती मिळाली की मी आधी कागद कुठे कुठे जायला हवा ते बघतो, अभिनंदन नंतर.

ज्यांच्या घरात ही गोष्ट पहिल्यांदाच घडते आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. कोर्टकचेरीची सवय असलेल्यांना यातलं बरंच माहीत असेल.

आधी शब्द नीट समजून घ्या

तड म्हणजे काठ. तडीपार म्हणजे काठापलीकडे घातलेला. कागदोपत्री त्यालाच हद्दपार म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण परदेशातून एखाद्याला मायदेशी परत पाठवलं तरी वर्तमानपत्रं ‘हद्दपार’च लिहितात. ती परत पाठवणी त्या त्या देशाच्या कायद्याने होते. इथे विषय आहे तो महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालच्या तडीपारीचा, म्हणजे राहत्या जिल्ह्यातून बाहेर जाण्याच्या आदेशाचा.

एमपीडीए, म्हणजे धोकादायक कारवायांना आळा घालण्याचा राज्याचा कायदा; त्याखालची स्थानबद्धता हे तिसरंच प्रकरण. त्यात माणसाला तुरुंगात ठेवतात आणि दाद मागायची वाटही निराळी असते. हातातल्या कागदावर कलम ५५, ५६ किंवा ५७ दिसत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

कलम ५५ टोळीसाठी आहे. जिल्ह्यात तो आदेश सहसा पोलीस अधीक्षक काढतात. कलम ५६ एकेकट्या माणसासाठी. ज्याच्या वावराने लोकांच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका आहे, किंवा जो मारामारी, चोरी अशा गुन्ह्यांत गुंतला आहे आणि साक्षीदार भीतीपोटी पुढे येत नाहीत, अशासाठी. हा आदेश बहुतेक वेळा प्रांतसाहेब, म्हणजे उपविभागीय दंडाधिकारी काढतात, मग ते वाई, कराड, फलटणचे असोत की मिरज, जत, विट्याचे. कलम ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी आहे. मुदत कुठल्याही कलमात दोन वर्षांच्या वर जात नाही.

पायरी पहिली: आदेश मिळाल्याची तारीख लिहून ठेवा

पोलीस आदेश बजावतात, पोहोच म्हणून सही घेतात आणि बऱ्याचदा जीपमध्ये बसवून जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडतात. त्या गडबडीत घरचे लोक कागदाकडे बघतसुद्धा नाहीत. बघा. सही केली ती तारीख आदेशाच्या मागे पेनने लिहून ठेवा. अपिलाचे ३० दिवस आदेश मिळाल्यापासून मोजले जातात. प्रमाणित नक्कल मिळायला जे दिवस गेले ते त्यातून वजा होतात, म्हणून नकलेसाठी अर्ज कधी केला आणि नक्कल कधी हातात आली हेही जपून ठेवा.

तडीपारीचा आदेश मिळाला की माणसाने आधी बाहेर जायचं. “अपील टाकतोय, तोवर घरीच थांबतो,” असं चालत नाही. कायद्यात स्पष्ट लिहिलंय की अपील चालू असतानाही मूळ आदेश लागूच राहतो, सरकारने वेगळं सांगितलं तरच थांबतो. हे ‘वेगळं सांगणं’ म्हणजेच स्थगिती. नुसत्या अपिलाच्या पावतीवर घरी येऊन बसलेली किती तरी मुलं मी कलम १४२ च्या, म्हणजे तडीपार असताना हद्दीत आल्याच्या गुन्ह्यात अडकलेली पाहिली आहेत. त्या कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

बाहेर जिथे राहाल तिथल्या ठाण्यात पत्ता कळवायचा, महिन्यातून एकदा हजेरी द्यायची, राज्याबाहेर गेलात तर दहा दिवसांत लेखी कळवायचं, अशा अटी आदेशात असतात. त्या पाळल्याचे पुरावे ठेवा. पुढे स्थगिती मागताना “हा माणूस आदेश मानतो” हे दाखवायला तेच कागद उपयोगी पडतात.

पायरी दुसरी: अपिलासोबत स्थगितीचा वेगळा अर्ज

कलम ६० प्रमाणे अपील राज्य सरकारकडे करायचं असतं. आपल्या सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुणे या पाच जिल्ह्यांची अपिलं पुण्याच्या विभागीय आयुक्तांपुढे चालतात. अपील दोन प्रतींत द्यायचं, त्यात हरकतीचे मुद्दे थोडक्यात मांडायचे आणि सोबत मूळ आदेश किंवा त्याची प्रमाणित नक्कल जोडायची.

नवख्या लोकांची चूक इथे होते. अपील दाखल केलं म्हणजे स्थगिती मागितलीच, असं ते धरून चालतात. स्थगितीचा अर्ज वेगळा लिहावा लागतो आणि त्यावर लवकर सुनावणी घ्या म्हणून मागे लागावं लागतं. तडीपारी फार तर दोन वर्षांचीच असते. अपील वर्षभर रखडलं आणि स्थगिती नसली, तर जिंकूनही हातात काही उरत नाही. हा मुद्दा अर्जात पहिल्याच परिच्छेदात यायला हवा.

त्याखाली घरची परिस्थिती, पण पुराव्यानिशी. आई डायलिसिसवर असेल तर दवाखान्याची फाइल. मुलगा कॉलेजात असेल तर बोनाफाईड आणि परीक्षेचं वेळापत्रक. कारखान्यावर किंवा मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर काम असेल तर मालकाचं पत्र. “माझ्यावर कुटुंबाची जबाबदारी आहे” हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं. त्यामागे कागद असला तरच साहेब मान वर करून बघतात.

आणि मुख्य म्हणजे, आदेशात चूक काय हे सकृतदर्शनी दिसलं पाहिजे. नेहमी सापडणाऱ्या चुका अशा. यादीतले गुन्हे शिळे असतात, पाच-सात वर्षांपूर्वीचे, आणि आदेशाच्या तारखेशी त्यांचा धागा जुळत नाही. ज्यातून निर्दोष सुटका झाली ते गुन्हेही मोजलेले असतात. सगळ्या भानगडी एका ठाण्याच्या हद्दीतल्या, पण तडीपारी मात्र लगतच्या तीन-चार जिल्ह्यांतून, आणि ती का याचं एक वाक्यही नाही. आदेशाआधीच्या नोटिशीत एक आरोप आणि आदेशात दुसराच. गोपनीय साक्षीदारांचे जबाब नुसते जोडलेले, पण ते खरे आहेत का हे अधिकाऱ्याने तपासल्याची खूण नाही. मुदत पुरी दोन वर्षं, कारण शून्य.

या शेवटच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०२२ चा निकाल वकिलाला जरूर वाचायला सांगा. प्रकरण जालन्याचं होतं. तडीपारी हा असाधारण उपाय आहे, तो अपवाद म्हणूनच वापरायचा, कारण त्याने माणसाचा देशात मोकळेपणाने फिरण्याचा मूलभूत हक्क जातो, घर आणि पोटापाण्याचं साधन सुटतं, असं न्यायालयाने त्यात म्हटलं. कमाल मुदत द्यायची तर तशी गरज का वाटली हे आदेशातून दिसलं पाहिजे, असंही सांगितलं. २०१३ आणि २०१८ चे गुन्हे त्या प्रकरणात शिळे ठरले आणि आदेश रद्द झाला.

एक गोष्ट मात्र मनातून काढून टाका. नोटिशीत साक्षीदारांची नावं दिली नाहीत म्हणून आदेश पडत नाही. आरोपांचं साधारण स्वरूप कळवलं तरी पुरतं, हे सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच ठरवून दिलेलं आहे. त्या मुद्द्यावर शक्ती घालवू नका.

पुण्याला जायचं कसं?

प्रश्न साधा वाटतो, पण लोक यात फसतात. समजा, माणूस सांगलीचा आहे आणि आदेश सांगलीसह सातारा, कोल्हापूर, सोलापूर जिल्ह्यांचा आहे. तो पाहुण्यांकडे कागवाडला जाऊन राहिलाय. मिरजेपासून कर्नाटकची हद्द म्हैसाळच्या पुढे लगेच लागते, म्हणून बरेच जण तिकडेच जातात. आता सुनावणीला पुण्याला यायचं, तर नकाशा काढून बघा, कुठल्याही सरळ रस्त्याने बंदी असलेल्या जिल्ह्यातूनच यावं लागतं. “मी तर सुनावणीला निघालो होतो” हे सांगून वाटेत सुटका होईलच असं नाही.

अपिलाची सुनावणी वकिलामार्फत होऊ शकते. जाण्याची गरज नसेल तर जाऊ नका. जायचंच असेल, किंवा मिरजेच्या, कराडच्या कोर्टात स्वतःच्या खटल्याची तारीख असेल, तर आदेशातली सवलतीची अट वाचा आणि तात्पुरत्या प्रवेशाची लेखी परवानगी घ्या. घरात मयत झालं, बहिणीचं लग्न निघालं, तर त्यासाठीही अशी परवानगी मागता येते. ती तेवढ्या तासांपुरती किंवा दिवसांपुरती असते, कधी जातमुचलका घेतात. वेळ संपायच्या आत हद्द ओलांडा.

पायरी तिसरी: स्थगितीचा आदेश शब्द न् शब्द वाचा

सुनावणीच्या दिवशी वकील बाहेर येऊन “मिळाली” म्हणतो आणि घरचे लगेच फोन लावतात, “ये रे घरी.” थांबा. सहीशिक्क्याचा आदेश हातात येईपर्यंत माणसाने हद्दीत पाऊल टाकू नये. तोंडी स्थगिती तुमच्या चौकातल्या हवालदाराला दाखवता येत नाही.

आदेश आला की या गोष्टी शोधा.

स्थगिती कुठवर आहे? “अपिलाचा अंतिम निर्णय होईपर्यंत” असेल तर बरं. “पुढील सुनावणीपर्यंत” असेल, तर ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लाल गोलात पाहिजे. त्या दिवशी वकील गैरहजर राहिला किंवा मुदत वाढवून घ्यायची राहिली, तर स्थगिती आपोआप संपते आणि माणूस झोपेतून उठतो तो पुन्हा तडीपार म्हणूनच. साहेब रजेवर किंवा दौऱ्यावर असले तरी स्थगिती वाढवल्याची नोंद रोजनाम्यात झाली का, हे त्याच दिवशी विचारून घ्या. मला या एका गोष्टीची जितकी धास्ती वाटते, तितकी मूळ आदेशाचीही वाटत नाही.

स्थगिती सगळ्या आदेशाला आहे की काही भागाला? कधी कधी लगतच्या जिल्ह्यांपुरती स्थगिती मिळते आणि राहत्या जिल्ह्यातली बंदी तशीच राहते.

अटी कोणत्या? आठवड्यातून एकदा ठाण्यात हजेरी, फिर्यादीच्या गल्लीत जायचं नाही, नवा गुन्हा करणार नाही असं हमीपत्र, अशा अटी घातल्या जातात. हजेरी असेल तर रविवार असो की दिवाळी, जायचं. ठाण्यातल्या नोंदवहीत सही करताना तारीख आणि वेळ स्वतःच्या डायरीतही टिपा.

नाव, वडिलांचं नाव, मूळ आदेशाचा क्रमांक आणि तारीख बरोबर आहे का? एका आकड्याची चूकही रस्त्यावर तासभर वाद घालायला पुरते. चूक दिसली तर त्याच कचेरीत दुरुस्तीचा अर्ज द्या.

पायरी चौथी: कागद पोहोचवा

ज्या चुकीने मावशींचा मुलगा ताटावरून उठला, ती या पायरीतली.

पुण्याहून आदेश सरकारी टपालाने सातारा किंवा सांगलीला येईलच. पण तो आधी प्रांत कचेरीत जाणार, तिथून आवक-जावक होत अधीक्षक कार्यालयात, मग ठाण्यात आणि शेवटी बीट अंमलदारापर्यंत. तोवर तुमचं नाव तडीपारांच्या यादीत तसंच असतं. स्थानिक गुन्हे शाखेची, म्हणजे एलसीबीची माणसं यादी घेऊन रात्री फिरत असतात. त्यांची यादी कालची असली तर त्यात त्यांचाही दोष नाही. यादी आजची करणं आपल्या हातात आहे.

म्हणून माणूस घरी यायच्या आधी, घरातल्या कुणीतरी किंवा वकिलाने चार ठिकाणी प्रत द्यायची: राहत्या भागाचं पोलीस ठाणं, ज्यांनी आदेश काढला ती प्रांत कचेरी किंवा अधीक्षक कार्यालय, स्थानिक गुन्हे शाखा, आणि बाहेर जिथे हजेरी देत होतात ते ठाणं. प्रत्येक ठिकाणी दोन प्रती न्या. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेऊन परत. “ठेवून जा, बघतो” म्हणाले तर नम्रपणे उभं राहायचं आणि पोहोच मागायची. नाहीच दिली तर त्याच दिवशी पोस्टातून पोचपावतीसह पाठवा आणि ठाण्याच्या ईमेलवरही टाका.

सोबतचं पत्र एवढंच पुरे:

“प्रति, मा. पोलीस निरीक्षक, … पोलीस ठाणे.
विषय: तडीपार आदेश क्र. … यास मिळालेल्या स्थगितीबाबत.
महोदय, उपविभागीय दंडाधिकारी, … यांनी दिनांक … रोजी माझ्याविरुद्ध काढलेल्या आदेशास मा. विभागीय आयुक्त, पुणे यांनी अपील क्र. … मध्ये दिनांक … रोजी स्थगिती दिली आहे. स्थगिती दिनांक … पर्यंत आहे. आदेशाची प्रत सोबत जोडली आहे. मी दिनांक … पासून … या पत्त्यावर राहणार आहे. माझा मोबाइल क्रमांक … आहे. कृपया आपल्या अभिलेखात नोंद घेऊन पोहोच द्यावी, ही विनंती.”

स्थगितीची मुदत वाढली की हीच फेरी पुन्हा. कंटाळवाणी आहे, मला माहीत आहे. तरी करा.

घरी आलेल्या माणसाने आदेशाची एक लॅमिनेट न केलेली प्रत खिशात ठेवावी. लॅमिनेट केली की मागचा शिक्का नीट दिसत नाही आणि नवी नोंदही करता येत नाही. मोबाइलमध्ये फोटो ठेवा, घरच्या दोघा-तिघांच्या व्हॉट्सॲपवरही ठेवा. पोलिसांनी अडवलं तर हुज्जत न घालता कागद दाखवायचा, पोहोच घेतलेल्या ठाण्याचं नाव सांगायचं आणि वकिलाला फोन लावायचा. ठाण्यात चला म्हणाले तर जायचं, कागद घेऊन.

स्थगितीने काय थांबत नाही

मूळ गुन्ह्यांचे खटले चालूच राहतात. त्यांच्या तारखा, जामिनाच्या अटी जशाच्या तशा. एखाद्या जामिनात “तालुक्यात यायचं नाही” अशी अट असेल, तर तडीपारीच्या स्थगितीने ती अट सुटत नाही. त्यासाठी त्या कोर्टातच जावं लागतं.

स्थगिती मिळण्याआधी हद्दीत सापडल्याचा कलम १४२ चा गुन्हा असेल, तर तोही आपोआप जात नाही, कारण त्या दिवशी आदेश लागू होता.

गणपती, मोहरम, निवडणूक आली की ठाण्यातून नवे कागद निघतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६, १२९ खालच्या चॅप्टर केसेस, म्हणजे शांततेची, चांगल्या वागणुकीची हमी मागणारी प्रकरणं, गुन्हा होऊ नये म्हणून कलम १६८ ची नोटीस, कधी कलम १६३ खाली विसर्जनाच्या काळापुरता तालुक्यात येण्यास मनाई. हे सगळे आदेश स्वतंत्र असतात. “माझ्याकडे स्थगिती आहे” म्हणून ते फाडून टाकू नका. त्यांना उत्तर द्या, ठरल्या दिवशी हजर राहा.

पासपोर्ट किंवा नोकरीसाठी पोलीस पडताळणीचा फॉर्म भरायचा असेल तर तडीपारीची आणि स्थगितीची माहिती खरी लिहा. लपवलं तर ते नवं प्रकरण होतं.

पायरी पाचवी: मिळालेले महिने वापरा

स्थगिती मिळाली की घर सैल पडतं. वकिलाला फोन करणं बंद होतं, फी राहते, पुढच्या दोन तारखा तशाच जातात. मग एक दिवस अपील फेटाळल्याचा कागद येतो. मी हे इतक्या वेळा बघितलंय, की स्थगितीच्या दिवशीच मी घरच्यांना कामाची यादी देतो.

यादीतल्या प्रत्येक गुन्ह्याची आजची स्थिती कोर्टातून काढा. निर्दोष सुटका झाली असेल तर निकालाची प्रमाणित नक्कल. आपसात मिटलं असेल तर त्याचा हुकूम. प्रांत कचेरीतल्या मूळ फाइलीची पाहणी करून रोजनाम्याची नक्कल मागा. कलम ५९ प्रमाणे नोटिशीला उत्तर द्यायला, साक्षीदार द्यायला खरोखर संधी मिळाली होती का, हे त्यातून कळतं. एका मुलाच्या फाइलीत त्याने दिलेल्या तीन साक्षीदारांच्या अर्जावर काहीच आदेश नव्हता, अर्ज नुसता पंच करून लावून ठेवलेला. त्या एका पानावर अपील जिंकलं.

आणि मुलाशी बोला. स्थगितीच्या काळात एक फुटकळ भांडण, वाढदिवसाला तलवारीने केक कापल्याचं एक रील, एवढं जरी झालं तरी पुढच्या सुनावणीत सरकारी बाजू तेच कागद पुढे ठेवते. सोबतीची पोरं स्वागताला डीजे लावायचं म्हणतात, गाड्यांची रॅली काढायची म्हणतात. त्यांना हात जोडून नाही म्हणा. ज्या लोकांना या मुलाची भीती वाटली होती, ती माणसं त्याच गल्लीत राहतात. त्यांच्याही घरात आई आहे.

फी परवडत नसेल तर

सातारा आणि सांगली, दोन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. सांगलीचं न्यायालय विजयनगरला, मिरज रस्त्यावर. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग आणि कोठडीत असलेले लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्या बहुतेकांना उत्पन्नाची मर्यादा आहे आणि तहसीलदारांचा दाखला लागतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही चौकशी करता येते. कचेरीच्या दारात “साहेबांना सांगून स्थगिती करून देतो” म्हणणारा कुणी भेटला, तर त्याला एक रुपयाही देऊ नका. असल्या माणसाला दागिने विकून पैसे दिलेलं घर मला माहीत आहे, आणि त्याने अपील दाखलसुद्धा केलं नव्हतं.

पायरी सहावी: निकाल

अपिलात तीन गोष्टी होऊ शकतात. आदेश कायम होतो, त्यात फेरफार होतो, किंवा तो रद्द होतो.

कायम झाला तर स्थगिती त्या क्षणी संपते. सुनावणीतच वकिलाने तोंडी आणि लेखी विनंती करून ठेवावी की निकाल विरुद्ध गेला तर उच्च न्यायालयात जाण्यासाठी दोन-तीन आठवडे स्थगिती चालू ठेवावी. ती मिळाली नाही तर माणसाने उशीर न करता हद्द सोडायची. “उद्या जातो, परवा जातो” यात १४२ होतो.

पुढची दाद उच्च न्यायालयात रिट याचिकेने. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि सातारा, सांगली ही दोन्ही त्याच्या कक्षेत आली. आधी यासाठी मुंबईचा रात्रीचा प्रवास करून सकाळी फोर्टात उभं राहावं लागायचं. आता सांगलीहून तास-दीड तासात पोहोचता येतं, ही आपल्या भागातल्या गरीब माणसाला फार मोठी सोय आहे. मात्र उच्च न्यायालयात सगळं प्रकरण पुन्हा पहिल्यापासून उकरता येत नाही. कलम ६१ प्रमाणे तीन वाटा मोकळ्या आहेत: कलम ५९ ची कार्यपद्धती पाळली नाही, आदेशाला आधार होईल असं काही अधिकाऱ्यापुढे नव्हतंच, किंवा साक्षीदार पुढे यायला धजत नाहीत असं त्याचं मत झालेलंच नव्हतं. म्हणून पाचव्या पायरीतली ती मूळ फाइल महत्त्वाची. विभागीय आयुक्तांकडे स्थगितीच्या अर्जावर महिनोन्‌महिने काहीच होत नसेल, तर निदान त्यावर लवकर निर्णय द्या असा हुकूम उच्च न्यायालयाकडे मागता येतो. तिथल्या आदेशाची प्रत संकेतस्थळावर चढते, पण ठाण्यात देताना प्रमाणित प्रतच द्या.

फेरफार झाला, म्हणजे दोन वर्षांचं एक वर्ष झालं किंवा चार जिल्ह्यांचा एकच राहिला, तर नवा आदेश मूळ आदेशाशेजारी ठेवून वाचा. कुठल्या तारखेपासून मुदत धरली आहे ते वाक्य शोधा, वकिलाकडून शेवटचा दिवस लिहून घ्या. त्या दिवसाच्या आत घरी यायचं नाही.

आणि रद्द झाला, तर पुन्हा त्याच चार ठिकाणी प्रती, त्याच पोहोचा. सोबत एक अर्ज द्या, की तडीपारांच्या यादीतून नाव आणि ठाण्याच्या फलकावरचा फोटो काढावा. महिन्याने जाऊन फलक स्वतः बघून या. कलम १४२ चा खटला बाकी असेल तर रद्द झाल्याचा आदेश त्या कोर्टात दाखल करायला वकिलाला सांगा. मिरजेच्या मावशींच्या मुलाचा आदेश पुढे रद्द झाला. फलकावरचा फोटो मात्र त्यांनी तीन वेळा ठाण्यात जाऊन, तिसऱ्यांदा स्वतः समोर उभं राहून काढून घेतला.